फ्रान्समधील वनमार्ग, ओढवाटा आणि सायकलप्रवास

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील अरण्ये व नदीखोरी यांतून जाणारे, डांबरीकरण न झालेले मार्ग आणि त्यांवरील सायकलप्रवास यांचा इतिहास. खडी, मुरूम, चुनखडीचा चुरा किंवा नुसती तुडवलेली माती, असे या मार्गांचे पृष्ठभाग आढळतात. रुंद टायरांच्या सायकलीवरून त्यांवर केलेल्या प्रवासाला एकविसाव्या शतकात ‘ग्रॅव्हेल’ (खडी) हे अमेरिकेतून आलेले नाव रूढ झाले. नाव नवे असले, तरी मार्ग जुने आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मूळ सायकलींसाठी बांधलेले नाहीत. अरण्यांतील मार्ग राजाची शिकार व लाकडाची वाहतूक यांसाठी, नद्या-कालव्यांच्या काठांवरील वाटा नावा ओढण्यासाठी आणि शेतांमधील पाणंदी बैलगाड्या व घोडागाड्या यांसाठी निर्माण झाल्या. हे मूळ उपयोग संपल्यावर त्या वाटांवरून जाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मागे राहिला. त्यामुळे या मार्गांचा इतिहास हा बऱ्याच अंशी वहिवाटीचा इतिहास ठरतो.

१६६९ चा वटहुकूम : फ्रान्समध्ये वने व जलमार्ग यांचा कारभार मध्ययुगापासून ‘ओ ए फॉरे’ (पाणी व वने) या एकाच राजखात्याकडे होता. चौदाव्या लूईचा (कार. १६४३–१७१५) मंत्री झां बातीस्त कॉलबेअर (१६१९–८३) याच्या प्रयत्नाने ऑगस्ट १६६९ मध्ये या विषयावरील एक सर्वंकष वटहुकूम काढण्यात आला. बेसुमार तोडीमुळे राज्यातील वने क्षीण झाली होती आणि आरमाराच्या उभारणीसाठी उत्तम ओक लाकडाची निकड होती, ही त्यामागील मुख्य कारणे होत. वटहुकुमात वृक्षतोड, चराई, मासेमारी, शिकार इत्यादींबरोबरच रस्त्यांसंबंधीही नियम होते. अरण्यातून एका नगराहून दुसऱ्या नगराकडे जाणारे राजमार्ग किमान ७२ फूट रुंद असावेत, असे त्यात सांगितले होते. नौकावहनयोग्य नद्यांच्या काठी ज्यांच्या जमिनी असतील, त्यांनी राजमार्ग व नावा ओढणारे घोडे यांसाठी किमान २४ फूट रुंदीची पट्टी मोकळी सोडावी. ज्या काठाने नावा ओढल्या जातात, त्या काठाला ३० फुटांच्या आत व दुसऱ्या काठाला १० फुटांच्या आत झाडे लावू नयेत किंवा कुंपण घालू नये, असाही नियम होता. तत्कालीन फ्रेंच फूट सु. ३२·५ सेंमी. एवढा होता. त्यामुळे ही तीन अंतरे दशमान पद्धतीत अनुक्रमे ७·८० मी., ९·७५ मी. व ३·२५ मी. अशी रूपांतरित झाली आणि राज्यक्रांती, साम्राज्ये व पाच प्रजासत्ताके यांनंतरही ती फ्रान्सच्या सार्वजनिक मालमत्तेच्या संहितेत तशीच टिकून आहेत. नदीकाठच्या आजच्या सायकलमार्गांच्या रुंदीमागे अनेक ठिकाणी हा जुना नियम आहे.

अरण्यमार्ग : राजघराण्याच्या अरण्यांत शिकारीसाठी सरळ रेषेतील मार्ग आखण्याची पद्धत होती. एका मध्यबिंदूपासून ताऱ्याच्या किरणांसारखे अनेक मार्ग निघत आणि त्यांमुळे पाठलाग कोणत्या दिशेने चालला आहे, हे चौकात उभे राहून दिसे. पॅरिसजवळील फाँतेनब्लो व काँप्येन्य या अरण्यांत अशी आखणी आजही स्पष्ट दिसते. पुढे वनसंवर्धनाच्या शास्त्रीय पद्धतीमुळे या जाळ्यात भर पडली. १८२४ मध्ये नान्सी येथे वनविद्यालय स्थापन झाले, १८२७ मध्ये वनसंहिता संमत झाली आणि अरण्यांचे खंड पाडून त्यांमधून लाकूड बाहेर काढण्यासाठी मार्ग बांधण्यात आले.

मध्य फ्रान्समधील त्राँसे अरण्य (सु. १०,६०० हे.) हे या धोरणाचे प्रसिद्ध उदाहरण होय. कॉलबेअरच्या काळात तेथे ओकची लागवड हाती घेण्यात आली ती भावी जहाजांसाठी. ओक तोडणीयोग्य होण्यास दीड-दोनशे वर्षे लागतात. ते वृक्ष पूर्ण वाढले, तोवर लोखंडी जहाजांचे युग सुरू झाले होते. चिलखती युद्धनौका ‘ला ग्लॉयर’ १८५९ मध्ये जलावतरित झाली. त्राँसेचा ओक आता प्रामुख्याने मद्याच्या पिंपांसाठी वापरला जातो. ज्या हेतूने लागवड केली व मार्ग आखले, तो हेतू नाहीसा झाला. मार्ग मात्र राहिले.

अरण्यमार्गांचा केवळ आनंदासाठी उपयोग करण्याची प्रथा फाँतेनब्लो येथे रुजली. नेपोलियनच्या सैन्यातील माजी सैनिक क्लोद फ्रांस्वा दनकूर (१७८८–१८७५) याने १८४२ पासून तेथे पायवाटा तयार करून त्यांवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या आणि मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केल्या. रंगीत खुणांच्या आधारे अनोळखी माणसानेही वाट शोधावी, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली पद्धत तेथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अंमलात आली.

नदीखोरी व ओढवाटा : अरण्य आणि नदी यांचा संबंध मॉर्व्हां या डोंगराळ प्रदेशात सर्वांत स्पष्ट दिसतो. पॅरिसला लागणारे सरपण सोळाव्या शतकापासून या प्रदेशातून जाई. यॉन नदीतून ओंडक्यांचे तराफे पॅरिसला नेण्याच्या पद्धतीचे श्रेय झां रूव्हे या व्यापाऱ्यास देण्यात येते (१५४९). ओंडक्यांवर मालकाची खूण ठोकून ते ओढ्यांत टाकीत. तळ्यांत साठवलेले पाणी एकाच वेळी सोडून त्यांना खाली वाहवून नेत. क्लामसी येथे ते अडवून व निवडून त्यांचे लांबलचक तराफे बांधीत. आगगाडी व दगडी कोळसा यांच्या स्पर्धेत हा व्यवसाय मागे पडला. अखेरचा तराफा १८७७ मध्ये गेला आणि सुटे ओंडके वाहवण्याची प्रथा १९२३ मध्ये बंद पडली. याच लाकडाच्या वाहतुकीच्या सोयीसाठी १७८४ मध्ये निव्हेर्ने कालव्याचे काम सुरू झाले होते. यॉन व ल्वार यांच्या खोऱ्यांना जोडणाऱ्या या १७४ किमी. लांबीच्या कालव्याची काठवाट आता सायकलस्वारांच्या विशेष पसंतीची आहे.

कालव्यांच्या बांधणीस फ्रान्समध्ये फार पूर्वी प्रारंभ झाला. ल्वार व सेन यांच्या खोऱ्यांना जोडणारा ब्रियार कालवा १६४२ मध्ये पूर्ण झाला, दक्षिणेकडील सु. २४० किमी. लांबीचा मीदी कालवा १६६६–८१ या काळात बांधण्यात आला. ब्रिटनीतील ३६४ किमी.चा नँट–ब्रेस्त कालवा १८५८ मध्ये पूर्णत्वास गेला. प्रत्येक कालव्याच्या काठी नावा ओढण्याची वाट असे. घोडे, खेचरे आणि गरीब नावाड्यांच्या बाबतीत स्वतः नावाडी व त्याच्या घरची माणसे खांद्यावर पट्टा घेऊन नाव ओढीत. ओढणाऱ्यांचा पाय घसरू नये म्हणून वाट भक्कम, जवळजवळ सपाट व पाण्याच्या कडेने सलग ठेवणे आवश्यक होते. विसाव्या शतकात नावांना इंजिने बसल्यानंतर ओढणे थांबले. परंतु सपाट व सलग वाट हा गुण सायकलीच्या उपयोगी पडला.

सायकलीचा उदय व डांबरापूर्वीचा काळ : पायटे असलेली सायकल पॅरिसमध्ये १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आली [⟶ सायकल]. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआन ही १२३ किमी.ची शर्यत झाली आणि तीत जेम्स मूर विजयी ठरला. १८९१ मधील पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सु. १,२०० किमी.ची शर्यत शार्ल तेराँ याने सु. ७१ तासांत पूर्ण केली. या शर्यतींचे रस्ते फरसबंदीचे, खडीचे किंवा मातीचे होते. रस्त्यावर डांबर घालण्याचा गाजलेला प्रयोग डॉ. एर्न्स्ट गूल्येल्मिनेत्ती यांनी मोनाको येथे १९०२ मध्ये केला. त्यापूर्वी सायकलस्वाराला खडीशिवाय दुसरा मार्ग फारसा उपलब्धच नव्हता. १९१० मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेण्यात आली, तेव्हा तूरमाले खिंडीचा (२,११५ मी.) रस्ता म्हणजे डोंगरातील खडबडीत वाट होती. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ हिवाळ्यात शेते व रानवाटा यांतून सायकल चालवण्याचा सराव करीत असे. या प्रकाराची (सिक्लो-क्रॉस) पहिली फ्रेंच राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये दान्येल गूसो याच्या पुढाकाराने झाली होती आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिस येथे भरली.

शर्यतींच्या बरोबरीने सायकलपर्यटनाची स्वतंत्र परंपराही विकसित झाली. १८९० मध्ये ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने मार्गदर्शक फलक, नकाशे व ग्रामीण उपाहारगृहांची सुधारणा यांसाठी दीर्घकाळ कार्य केले. १९८३ मध्ये ती बंद पडली. या परंपरेचा प्रमुख प्रवर्तक पॉल द व्हीव्ही (१८५३–१९३०) हा होय. ‘व्हेलोस्यो’ या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. सेंट एत्येन येथील रेशमाचा व्यापार सोडून तो सायकलींच्या व्यवसायात शिरला आणि १८८७ मध्ये त्याने एक नियतकालिक सुरू केले. शहराजवळच्या ग्राँ ब्वा (मोठे रान) या अरण्यातील १,१६१ मी. उंचीच्या खिंडीत तो व त्याचे अनुयायी निरनिराळ्या गिअरांची पारख करीत. चढावर एक व सपाटीवर दुसरा असे अनेक गिअर सायकलीला असावेत, तसेच टायर रुंद व मऊ असावेत, असा त्याचा आग्रह होता. ‘तूर द फ्रान्स’च्या संयोजकांनी गिअर बदलणारी योजना स्पर्धकांना सरसकट वापरू दिली ती १९३७ मध्ये, म्हणजे व्हेलोस्योच्या निधनानंतर सात वर्षांनी. त्याच्या स्मरणार्थ आजही त्या खिंडीत सायकलस्वारांचा मेळावा भरतो.

सायकलपर्यटक मंडळांचा महासंघ १९२३ मध्ये स्थापन झाला. १९३६ मध्ये कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली आणि सायकलीवर तंबू बांधून बाहेर पडलेली कामगार कुटुंबे ग्रामीण रस्त्यांवर दिसू लागली. दोघांनी चालवण्याची सायकल हे त्या उन्हाळ्याचे प्रतीकच ठरले. कारागिरांनी हाताने बांधलेल्या पर्यटन-सायकलींचा हाच बहराचा काळ होय. त्यांना ६५० मिमी. नाममात्र व्यासाची चाके व रुंद टायर बसवीत. १९५१–५६ या काळात पॅरिसच्या उपनगरांतील सु. वीस तरुणांनी ‘व्हेलो क्रॉस क्लब पारीझ्यँ’ या मंडळातर्फे याच चाकांच्या सायकलींत फेरफार करून त्या रानवाटांवर चालवल्या. या चाकांचे ‘६५० ब’ हे माप पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले आणि एकविसाव्या शतकात खडीच्या सायकलींबरोबर पुन्हा प्रचारात आले.

वाटांचा लोप : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार झाला, मुख्य रस्ते डांबरी झाले आणि कच्च्या वाटा दुर्लक्षित राहिल्या. या वाटा लोप पावण्याची तीन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले कारण जमिनींची तुकडेजोड. ९ मार्च १९४१ च्या कायद्यान्वये शेतांचे लहान तुकडे एकत्र करण्याची योजना आखली गेली व युद्धोत्तर काळात ती देशभर राबवण्यात आली. यंत्रांनी शेती करणे सुकर झाले. पण शेतांच्या बांधांवरील झुडपांच्या रांगा व त्यांच्या आडोशाने जाणाऱ्या पाणंदी मोठ्या प्रमाणावर नाहीशा झाल्या. दुसरे कारण कायद्यातील बदल. ७ जानेवारी १९५९ च्या अध्यादेशाने ग्रामीण रस्ते हे कम्यूनची (गावाची) सार्वजनिक नव्हे, तर खाजगी स्वरूपाची मालमत्ता ठरले. ते लोकांच्या वापरासाठी खुले असले, तरी विकता येतात आणि एखाद्याने तीस वर्षे निर्वेध ताबा ठेवल्यास त्याच्या मालकीचेही होऊ शकतात. नांगरट दरवर्षी थोडी पुढे सरकत जाऊन संपूर्ण पाणंद शेतात मिळाल्याची उदाहरणे यातूनच उद्भवली. तिसरे कारण नदीकाठचे निर्बंध. १९३२ च्या नियमांनुसार ओढवाटेवर नौकावहनाच्या कामाखेरीज वाहन नेण्यास मनाई होती आणि सायकल हेही वाहनच मानले गेले. ओढणारे घोडे गेले, तरी सायकलस्वाराला तेथे परवान्याविना कायदेशीर प्रवेश नव्हता.

पुनरुज्जीवन : २२ जुलै १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्हा-विभागाला (देपार्तमाँ) पदभ्रमण व सहल यांसाठीच्या मार्गांची योजना तयार करण्याचा अधिकार दिला. अशा योजनेत नोंदलेला ग्रामीण रस्ता विकावयाचा झाल्यास त्याला पर्यायी वाट देणे बंधनकारक ठरले. ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने मोटारवाहनांना रानात रस्ता सोडून फिरण्यास मनाई केली. बर्गंडीमध्ये झिव्हरी व क्लूनी यांच्या दरम्यान बंद पडलेल्या लोहमार्गावर १९९७ मध्ये ४४ किमी.चा ‘हरित मार्ग’ खुला झाला. तो फ्रान्समधील अशा प्रकारचा पहिला मार्ग मानला जातो. सप्टेंबर २००४ मधील हुकुमान्वये ‘हरित मार्ग’ ही संज्ञा वाहतूक-संहितेत समाविष्ट झाली.

जलमार्गांच्या काठी स्थानिक शासने व जलमार्ग प्रशासन यांच्यातील करारांद्वारे ओढवाटा सायकलींना खुल्या करण्यात आल्या. ल्वार नदीच्या खोऱ्यातील सु. ९०० किमी. लांबीचा सायकलमार्ग हे त्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण होय. नदीचे पूर रोखण्यासाठी मध्ययुगापासून बांधलेल्या तटबंधांवरून व गावरस्त्यांवरून तो जातो आणि अटलांटिक महासागर ते काळा समुद्र या यूरोपीय मार्गात त्याचा अंतर्भाव होतो. डोंगराळ भागासाठी मॉर्व्हांच्या पायथ्याच्या आव्हालाँपासून भूमध्य समुद्रापर्यंत मध्यवर्ती पठार ओलांडणारा सु. १,४०० किमी.चा मार्ग रानवाटांवरून आखण्यात आला आहे.

अमेरिकेतील कॅनझस राज्याच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून दीर्घ पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या आणि तेथून ‘ग्रॅव्हेल’ ही संज्ञा यूरोपात आली. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. फ्रान्समध्ये या लाटेपूर्वीच ब्रिटनीतील शेतवाटांवरील ‘त्रो ब्रो लेऑन’ ही शर्यत १९८४ पासून भरत होती. पॅरिस–तूर या जुन्या शर्यतीत २०१८ पासून ल्वार खोऱ्यातील द्राक्षमळ्यांच्या वाटांचा समावेश झाला. ७ जुलै २०२४ रोजी ‘तूर द फ्रान्स’च्या त्र्वा येथील टप्प्यात खडीच्या वाटांचे चौदा तुकडे, एकूण ३२·२ किमी., ठेवण्यात आले. हा टप्पा आंतोनी त्यूर्झीस याने जिंकला. द्राक्षमळ्यांतील चुनखडीच्या या पांढऱ्या वाटा मळेवाल्यांच्या ट्रॅक्टरांसाठी आहेत.

वहिवाटीचा प्रश्न : फ्रान्सच्या मुख्य भूमीचा सु. ३१ टक्के भाग वनांखाली असून त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश वने खाजगी मालकीची आहेत. १९६४ च्या कायद्याने निर्माण झालेले राष्ट्रीय वन कार्यालय राज्याच्या मालकीच्या अरण्यांची व्यवस्था पाहते आणि तेथील मार्ग सामान्यतः सायकलींना खुले असतात. खाजगी वनांतील प्रवेश मात्र मालकाच्या संमतीवर व रूढीवर अवलंबून राहिला. ल्वारच्या दक्षिणेकडील सोलॉन्य या अरण्यमय प्रदेशात शिकारीच्या मोठ्या इस्टेटींनी उंच कुंपणे घातल्यामुळे वन्य प्राण्यांचा व माणसांचाही संचार खुंटला. त्यावर उपाय म्हणून २ फेब्रुवारी २०२३ चा कायदा झाला. कुंपण १·२० मी.हून उंच नसावे व जमिनीपासून ३० सेंमी. वर असावे, असे त्यात ठरले. परंतु याच कायद्याने, मालकी दर्शवणाऱ्या खुणा असलेल्या खाजगी रानात विनापरवाना शिरणे दंडनीय केले. प्राण्यांसाठी कुंपण खाली आले आणि माणसांसाठी वाट बंद झाली, असा आक्षेप पदयात्री व सायकलस्वार यांच्याकडून घेण्यात आला. वनमालकांचीही बाजू आहे : पावसाळी वाटेवर चाकांनी पडणाऱ्या चाकोऱ्या, लाकूडतोडीच्या वेळचे धोके व अपघाताची जबाबदारी ही त्यांच्या चिंतेची कारणे होत. शिकारीच्या हंगामातील सुरक्षितता हाही तीव्र वादाचा विषय आहे. २०१८ मध्ये आल्प्सच्या ऑत-साव्हॉय विभागात एक सायकलस्वार शिकाऱ्याच्या गोळीने मृत्युमुखी पडला.

पाणंदींच्या बाबतीत २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने काही संरक्षण मिळाले. गावाने आपल्या ग्रामीण रस्त्यांची गणना करण्याचा ठराव केल्यास ताब्याने मालकी मिळण्याची मुदत तेवढ्या काळापुरती स्थगित होते. सलगता टिकत असेल, तर जमिनीची अदलाबदलही करता येते. मात्र गणना करणे गावाच्या इच्छेवर सोपवले असल्याने, जेथे वाट चालणारे व तिची आठवण ठेवणारे लोक उरले नाहीत, तेथे हे संरक्षण प्रत्यक्षात येणे कठीण असते. या दृष्टीने सायकलस्वारांची ये-जा ही वाट जिवंत असल्याचा पुरावा ठरते आणि काही वेळा तिची झीजही करते.

नदीकाठी हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. ३० डिसेंबर २००६ च्या पाणीविषयक कायद्याने ३·२५ मी. रुंदीच्या पट्टीवरील सुविधाधिकार मासेमारी करणाऱ्यांबरोबर पादचाऱ्यांनाही दिला. सायकलस्वाराचा उल्लेख त्यात नाही. तो ओढवाटेवरून जातो तो अद्याप स्थानिक करारांच्या आधारे. १६६९ मध्ये घोड्यांसाठी राखलेली २४ फुटांची पट्टी अशा प्रकारे अस्तित्वात आहे. घोड्यांच्या जागी आलेल्या प्रवाशाला कायद्यात स्वतःचे स्थान मात्र अजून मिळावयाचे आहे.